शिट्टीबाईंचे एक्केचाळीस सेकंद

माझ्या आईवडिलांनी माझं जे नाव ठेवलं ते शिट्टीबाईंनी कधीच वापरलं नाही. त्यांच्या लेखी मी ‘एकोणीस-चार’. शाळेत शंभर मीटर धावायला मला एकोणीस सेकंद आणि वर चार दशांश लागले होते, माझ्यामागे कोणीही नव्हतं, आणि बाईंनी तो आकडा अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवला होता. आमच्या वर्गात एक चौदा-दोन होता, एक सोळा-नऊ होती. पुढे कोण काय झालं याचा बाईंना पत्ता नसे, पण आकडा मात्र तोंडपाठ.

त्या दिवशी मी घरी जाऊन रडलो होतो. दुसऱ्या दिवशी धीर करून त्यांना विचारलं, “बाई, सतरा लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?”

“आणि तुझे उरलेले दोन सेकंद आणि वरचे चार दशांश कुठे ठेवू? माझ्या खिशात?” त्या म्हणाल्या.

तीस वर्षं हे उत्तर माझ्या डोक्यात राहिलं आणि तीस वर्षं मला त्याचा रागच येत राहिला.

बाई खेळाच्या शिक्षिका. उंच, काटकुळ्या, गळ्यात दोन दोऱ्या. एका दोरीला शिट्टी, दुसरीला स्टॉपवॉच. शाळेला इमारत बांधून देणाऱ्या गृहस्थांचा मुलगा एका वर्षी शर्यतीत दुसरा आला. मुख्याध्यापक धापा टाकत मैदानावर आले आणि म्हणाले, “बाई, अर्ध्या सेकंदाचा तर प्रश्न आहे.” बाई म्हणाल्या, “तोच तर प्रश्न आहे.” त्यापायी त्यांना वर्षभर वाचनालयात पुस्तकांना नंबर घालायला बसवलं. बाई तिथे शिट्टी गळ्यात घालूनच बसल्या. कोणी कुजबुजलं की शिट्टी. पान जोरात उलटलं की शिट्टी. शेवटी मुख्याध्यापकांनीच हात जोडले आणि म्हणाले, बाई, मैदान तुमचं, पण आम्हाला वाचू द्या.

अशा बाईला फसवायची पाळी माझ्यावर यावी, हे माझं नशीब.

मी व्हिडिओ एडिटिंग करतो. स्टुडिओ माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे दाजींचा. दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर, आणि एक पंखा जो रेकॉर्डिंग चालू असताना बंद ठेवावा लागतो. दुकानांच्या जाहिराती, शाळांची संमेलनं, साहेबलोकांचे निरोपसमारंभ, असलं सगळं आम्ही करतो. आणि एका गोष्टीत माझा हात धरणारा आमच्या धंद्यात कोणी नाही. ती म्हणजे वेग.

क्लिपचा वेग एका झटक्यात वाढवला तर शेंबडं पोरसुद्धा ओळखतं. माणसं मुंग्यांसारखी पळायला लागतात. म्हणून तो चढवत न्यायचा असतो. क्लिपवर एक आडवी रेघ असते. शंभरावर असली म्हणजे जसं घडलं तसं. त्या रेघेवर खुणा करायच्या, मधला भाग वर उचलायचा, आणि जिथे रेघ वळते तिथे टोक ठेवायचं नाही, गोलाई द्यायची. शंभर, एकशेपाच, एकशेवीस, एकशेसाठ. पाहणाऱ्याचा डोळा त्या वेगाला सरावत जातो आणि त्याला वाटतं, हे असंच आहे. शेवट जवळ आला की पुन्हा हळूहळू शंभरावर आणून सोडायचं. सुरुवात खरी, शेवट खरा, मधलं कोण मोजतंय? मी वीस वर्षं याच भरवशावर जगलो.

फिजिओथेरपी सेंटरचं काम आमच्याकडे दोन वर्षांपासून होतं. त्यांच्या वेटिंग रूममध्ये टीव्हीवर दिवसभर जी फिल्म चालते ती माझीच. निळ्या शर्टाचा एक माणूस दारातून निघतो आणि अठरा सेकंदांत खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसतो. आता नवा हॉल बांधून झाला होता, त्याच्या उद्घाटनाला नवी फिल्म हवी होती, नवा पेशंट हवा होता. मी कॅमेरा घेऊन गेलो. दोन समांतर दांड्या, भिंतभर आरसा, आणि जमिनीवर दहा मीटरचा पिवळा पट्टा, पलीकडे एक खुर्ची. पट्ट्याच्या अलीकडच्या टोकाला काठी टेकून कोणीतरी उभं होतं.

“एकोणीस-चार!” ती व्यक्ती म्हणाली. “पोट सुटलंय तुझं.”

तोंड एका बाजूला किंचित ओढलेलं होतं, शब्द जरा जड येत होते, पण आवाज तोच. निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी एका सकाळी दात घासताना बाईंची डावी बाजू गेली. खुर्चीतच दिवस काढावे लागतील असं पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाईंनी त्यांना विचारलं, “किती दिवस?” त्यांना आकडा सांगता आला नाही, म्हणून बाईंनी डॉक्टर बदलला. झटक्याला आता सात महिने झाले होते. शिट्टी गळ्यात होती, पण ओठ नीट जुळत नसल्यामुळे वाजत नव्हती. स्टॉपवॉच डाव्या तळहाताला पट्टीने बांधलं होतं. ते बटण दाबता यावं म्हणून त्या अंगठ्याकडून त्यांनी तीन महिने कसरत करून घेतली होती.

मी कॅमेरा लावला. बाईंनी बटण दाबलं आणि निघाल्या. आधी काठी, मग डावा पाय ओढत, मग उजवा. काठीचा टक् असा आवाज, मग चपलेची फरफट. अर्ध्यावर डावा पाय पट्ट्याबाहेर गेला. बाई थांबल्या, पायाकडे रागाने पाहिलं, तो पट्ट्यावर परत आणला आणि पुढे निघाल्या. खुर्चीत बसताना पुन्हा बटण दाबलं.

“एक्केचाळीस. गेल्या महिन्यात बावन्न होते,” त्या म्हणाल्या आणि त्यांचं अर्धं तोंड हसलं. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. आणि भरून आलेलं असतानाच मी मनात हिशोब करत होतो की यातले किती काढावे लागतील.

कारण सेंटरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंच. “एक्केचाळीस सेकंद कोण बघणार हो? पंचविसाच्या आसपास आणा. तुमच्या हाताला सवय आहे.”

सवय होतीच. मी रेघ उचलली, मध्ये दोनशेपर्यंत नेली, गोलाई दिली. वेग वाढवला की काठीचा आवाज चिरका होतो, म्हणून तो काढून पियानो टाकला. मागे भिंतीवर घड्याळ होतं, सेकंदाचा काटा गिरक्या घेताना दिसला असता, म्हणून चौकट जरा खाली ओढून ते कापलं. सव्वीस सेकंद. इतकं सफाईदार काम की दाजींनी माझ्यासाठी स्वतः चहा मागवला.

राहिली होती बाईंची सही. पेशंटने फिल्म पाहून संमतीपत्रावर सही करायची असा सेंटरचा नियम. मी लॅपटॉप घेऊन बाईंच्या घरी गेलो. तळमजल्यावर दोन खोल्या. भिंतीला बाईंच्या छातीपर्यंत उंचीची फळी, आणि तिच्यावर एकतीस वर्षांच्या वह्या. त्यात फक्त मुलांच्या वेळा. बाईंची धाकटी बहीण त्यांच्यासोबत राहते. तिने लॅपटॉपसाठी स्टूल ओढून दिलं आणि स्वतःही येऊन बसली.

फिल्म सुरू झाली. मी पडद्याकडे पाहत नव्हतो, बाईंच्या तोंडाकडे पाहत होतो. तोंड हललं नाही, पण मांडीवरचा डावा अंगठा एकदा दबला, आणि शेवटी पुन्हा एकदा दबला.

“सव्वीस,” बाई म्हणाल्या.

“काय सव्वीस, बाई?”

“पट्ट्यावरून निघाले आणि खुर्चीत बसले, त्याला सव्वीस. माझे एक्केचाळीस आहेत. पंधरा कुठे गेले?”

“थोडं आटोपशीर केलंय.”

“पावलं सगळी आहेत. मी सत्तावीस टाकली होती, सत्तावीसच आहेत. पाय पट्ट्याबाहेर गेला तेही आहे. मग सेकंद कोणी नेले? आणि हे वाद्य कसलं वाजतंय? माझ्याकडे पियानो नाही, काठी आहे.”

“अगं, किती छान दिसतेयस!” धाकटी बहीण मध्ये पडली. “झरझर चालतेयस. कर सही आणि मोकळी हो.”

“ही झरझर चालणारी बाई कोण आहे मला माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “सही तिची घ्या.”

आता माझंही डोकं फिरलं. तीस वर्षांचा जुना राग होताच, तो उसळून वर आला. “बाई, तुम्हाला दुसऱ्याला बरं वाटलेलं बघवतच नाही. सगळेच असं करतात. पाहणाऱ्याला त्यातून उभारी येते. सगळं जग काही स्टॉपवॉच घेऊन बसलेलं नसतं.”

बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “उद्या सकाळी दहाला सेंटरवर ये. उभारी आलेला एक माणूस दाखवते.”

मी गेलो. जायची इच्छा नव्हती, पण बाईंनी ‘ये’ म्हटलं की पाय अजूनही आपोआप निघतात. वेटिंग रूमच्या कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीत एक दांडगा माणूस बसला होता. ट्रक ड्रायव्हर. त्याला झटका येऊन पाच महिने झाले होते. त्याची बायको सकाळी त्याला इथे सोडून कामाला जायची आणि तो इथेच टीव्हीकडे तोंड करून बसायचा. टीव्हीवर माझा निळा शर्ट चालत होता. खाली अक्षरं होती, ‘फक्त सहा आठवड्यांत’.

“व्यायामाला नाही जात?” मी विचारलं.

“सोडला तीन आठवड्यांपूर्वी,” तो म्हणाला. “तो बघा की. सहा आठवड्यांत अठरा सेकंद. मी मोजलेत, दिवसातून पन्नास वेळा लागतंय ते. मला पाच महिने झाले, भिंत धरून मिनिटाच्या वर लागतं. आमची गाडी भंगारात निघाली, साहेब. बायकोला सांगू नका, तिला वाटतं मी करतोय.”

बाईंनी मला काठीने खूण करून दाराबाहेर नेलं.

“ती फिल्म कोणी बनवली?”

“मी.”

“खरे किती होते?”

निळ्या शर्टाची मूळ क्लिप माझ्याकडे आहे. मूळ क्लिप मी कधीच पुसत नाही. “एक मिनिट तीन,” मी म्हणालो. “आणि सहा आठवडे नव्हते, नऊ महिने होते. ते डॉक्टरांनी लिहायला सांगितलं.”

बाईंनी मला मारलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी काठीने आतल्या ड्रायव्हरकडे खूण केली. मी म्हणालो, “बाई, तुम्हीच सांगा ना त्याला.”

“मी सांगितलं तर म्हणेल, म्हातारी धीर देतेय. धीराची भाषा त्याला आता ऐकू येत नाही. त्याला आकडा दिसला पाहिजे. माझा दिसू दे.”

तेवढ्यात डॉक्टर आले. माणूस वाईट नाही. पेशंटच्या पायाशी तासन्‌तास बसतो, हे मी पाहिलं आहे. बाईंनी संमतीपत्र कोरंच त्यांच्या हातात दिलं.

“बाई, पावलं तुमचीच आहेत ना? मग खोटं काय आहे त्यात?” डॉक्टर म्हणाले. “लोक इथे घाबरून येतात. त्यांना एक्केचाळीस सेकंद दाखवले तर दारातूनच परत जातील.”

“आणि सव्वीस दाखवलेत की कोपऱ्यात जाऊन बसतात. तो बघा, बसलाय.”

“मग तुम्ही फिल्ममध्ये नसलेल्याच बऱ्या. आपण जुनीच दाखवू.”

“दाखवा,” बाई म्हणाल्या. “मी रोज दहा वाजता तुमच्या पट्ट्यावर चालते, ते काही बंद होणार नाही. उद्यापासून आकडा मोठ्याने सांगेन. शिट्टी वाजत नसली तरी घसा शाबूत आहे माझा.”

त्याच दुपारी दाजींचा हुकूम आला. सेंटरचा फोन होता, बाईंना काढा, निळा शर्टच नवीन रंगरंगोटी करून द्या, उद्घाटन परवावर आलंय. मी हो म्हणालो आणि खोलीचं दार लावून घेतलं. निळा शर्ट उघडला. त्याची रेघ पाहिली. काय सुरेख गोलाई दिली होती मी तिला! त्या गोलाईवरून एक ट्रक ड्रायव्हर घसरून कोपऱ्यात जाऊन पडला होता. मला माझ्याच हाताचा संताप आला. ती फाइल बंद केली आणि बाईंची उघडली. एकेक खूण काढली. रेघ खाली आली, सरळ झाली, शंभरावर बसली. पियानो काढला, काठी परत आणली. भिंतीवरचं घड्याळ चौकटीत घेतलं. वीस वर्षांत इतकं सोपं काम मी केलं नव्हतं.

संध्याकाळी बाईंकडे गेलो. त्यांनी फिल्म दोनदा पाहिली, दोन्ही वेळा अंगठा दाबला. मग मी आणलेल्या दुसऱ्या संमतीपत्रावर सही केली आणि सहीखाली लिहिलं, ‘एक्केचाळीस सेकंद असतील तरच.’ धाकटी बहीण म्हणाली, “बघा हं, या वयात आणखी कोणाशी वैर घ्यायचं राहिलंय का?” बाई म्हणाल्या, “यादी करून दे. बघते.”

उद्घाटनाला नवा हॉल भरला होता. पुढे पाहुणे, त्यांच्यात डॉक्टर आणि दाजी. मागे चाकाच्या खुर्च्या, वॉकर, काठ्या. ड्रायव्हरला त्याच्या बायकोने दारापाशी आणून ठेवलं होतं. खाली नवा पिवळा पट्टा, टोकाला खुर्ची. प्रोजेक्टर माझ्या हातात. मी बटण दाबलं.

पडद्यावर बाई आल्या आणि डॉक्टरांची मान गर्रकन मागे वळली.

टक्. फरफट. टक्. फरफट.

दहा सेकंद झाले. कोणीतरी खोकलं. पंधरा. पाहुण्यांमधले एक गृहस्थ मनगटावरचं घड्याळ बघू लागले. विसाव्या सेकंदाला दाजी वाकून वाकून माझ्याजवळ आले आणि कानात म्हणाले, “अडकलंय का रे?”

“नाही दाजी. चाललंय.”

बाईंचा पाय पट्ट्याबाहेर गेला. त्या थांबल्या. पडद्यावर कोणी थांबलं की बघणाऱ्याला ते किती लांब वाटतं हे मी त्या दिवशी शिकलो. मागून कोणाचा तरी आवाज आला, “उचला, उचला.” पाय उचलला गेला. आता मागच्या रांगा पडद्यातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून मोजायला लागल्या होत्या, आधी पुटपुटत, मग मोठ्याने. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस. बाई खुर्चीत बसल्या.

टाळ्या मागून आल्या. पुढच्या रांगांना वाजवाव्यात की नाही ते कळेना.

टाळ्या थांबल्यावर ड्रायव्हरचा आवाज आला. त्याने डॉक्टरांना विचारलं नाही, मला विचारलं. “ओ फिल्मवाले. त्या निळ्या शर्टाचे खरे किती?”

सगळा हॉल वळला. दाजींनी डोळ्यांनी मला जाळलं. मी म्हणालो, “एक मिनिट तीन. नऊ महिने लागले होते त्याला. अठरा मी केले.”

“तुम्ही केले.”

“हो. मीच.”

त्याने मला एक अस्सल शिवी हासडली. ती माझीच होती, मी घेतली. मग तो बायकोला म्हणाला, “धर मला. उभा कर.” ती म्हणाली, अहो, इथे? तो म्हणाला, “इथेच.”

डॉक्टर उठले. मला वाटलं, आता थांबवणार. ते पट्ट्यापर्यंत गेले, मध्ये आलेली एक खुर्ची उचलून बाजूला केली आणि तिथेच उभे राहिले. तोंड अजून रागावलेलंच होतं. सेंटरचं काम आमच्या हातून गेलं ते दुसऱ्या दिवशी, आणि दाजी माझ्याशी दोन महिने बोलले नाहीत.

ड्रायव्हर पट्ट्याच्या टोकाला वॉकर धरून उभा राहिला. पाय लटलटत होते. “बाई,” तो ओरडला, “लावा घड्याळ! आणि एक सेकंद जरी सोडलात तर बघा!”

“सोडायची सवय नाही मला,” बाई म्हणाल्या. त्यांनी शिट्टी ओठांत धरली. अर्धी हवा बाजूने निसटली, तरी उरलेल्या अर्ध्यातून फुर्र असा एक चिरका, वेडावाकडा आवाज निघाला. सात महिन्यांतला पहिला. तो निघाला.

मी कॅमेरा चालू केला होता. मधे दोनदा ड्रायव्हर थांबला, एकदा त्याने पट्ट्यालाही शिवी दिली. कोणी खोकलं नाही. तो खुर्चीत कोसळला तेव्हा अंगातला शर्ट ओलाचिंब झाला होता आणि त्याची बायको तोंडावर हात धरून उभी होती.

“एक मिनिट बारा,” बाईंनी सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवलं.

“म्हणजे निळ्याच्या मागे नऊच!” तो धापा टाकत म्हणाला आणि हसायला लागला.

बाई काठी टेकत त्याच्यापर्यंत गेल्या. “आजपासून तुझं नाव एक-बारा,” त्या म्हणाल्या. “आवडत नसेल तर उद्या दहाला ये आणि बदलून घेऊन जा.”